कागदावर यान, घरात होन्झा

प्रश्न एका आईने विचारला आहे. मुलगी ब्रनो शहरात नोकरी करते आणि तिथल्याच एका चेक मुलाशी तिचं लग्न ठरलं आहे. मुलाच्या पासपोर्टवर नाव आहे 'यान'. मुलगी मात्र त्याच्याविषयी बोलताना 'होन्झा' म्हणते, मित्र 'होन्झो' अशी हाक मारतात आणि व्हिडिओ कॉलवर त्याची आजी त्याला 'येनीच्कू' म्हणाली. एवढी नावं एकाच माणसाची कशी, होन्झाचा अर्थ काय, ते आलं कुठून आणि लग्नपत्रिकेत नेमकं काय छापायचं, हे त्यांना हवं आहे.

ताई, आधी निर्धास्त व्हा. कुणी काही लपवत नाही. चेक मुलखात ज्याचं नाव यान त्याला होन्झा म्हणणं इतकं सर्रास आहे, की हे वेगळं नाव आहे असं तिथे कुणाच्या मनातही येत नाही. चेक भाषेचं दुभाषाचं आणि भाषांतराचं काम मी बरीच वर्षं करते. चाकणच्या मोटार कारखान्यात चेक अभियंत्यांबरोबर बसते, तेव्हाही आपल्या माणसांचा पहिला गोंधळ हाच होतो. ईमेल यानकडून आलेली असते, बैठकीत सगळे होन्झाशी बोलतात आणि यान कधी येणार म्हणून कुणीतरी वाट बघत असतं.

आता अर्थ. होन्झाला स्वतःचा वेगळा अर्थ नाही. यानचा जो अर्थ तोच त्याचा. मूळ नाव हिब्रू, योहानान. त्यातला 'यो' हा यहोवा या देवनामाचा संक्षेप आणि 'हानान' म्हणजे कृपा केली. देवाने कृपा केली, देव कृपाळू आहे, असा सरळ अर्थ. ग्रीकमध्ये त्याचं इओआनेस झालं, लॅटिनमध्ये योहानेस, आणि तिथून ते युरोपभर पसरलं. इंग्रजांचा जॉन, रशियनांचा इव्हान, स्पॅनिश हुआन, पोर्तुगीज जुआंव हे सगळे एकाच घरचे. मराठी बायबलमधला योहान तोच, आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतला जुवांवही तोच.

अर्थ एवढ्यावर संपतो. उगमाची गोष्ट मात्र मला फार आवडते, म्हणून ती जरा सावकाश सांगते. यान आणि होन्झा हे एकाच नावाचे दोन तुकडे आहेत आणि ते चेक भाषेत दोन वेगळ्या वाटांनी आले. पहिली वाट चर्चची. बाप्तिस्म्याबरोबर लॅटिन योहानेस आलं, चेक तोंडात ते आखडत गेलं, मधला 'हा' विरघळला आणि उरलं यान. दुसरी वाट बाजाराची. तेराव्या शतकापासून बोहेमियाच्या, म्हणजे आजच्या चेक देशाच्या पश्चिमेकडच्या मोठ्या भागाच्या, राजांनी जर्मन खाणकामगार, कारागीर आणि व्यापारी बोलावून वसवले. कुटना होराच्या चांदीच्या खाणींभोवती आणि नव्या शहरांच्या पेठांत जर्मन रोजच्या वापरात आली. जर्मनांनी योहानेसचं पुढचं टोक टाकून मागचं ठेवलं होतं, हान्स. शेजारच्या बव्हेरियन आणि ऑस्ट्रियन बोलींत यातला 'आ' तोंड गोल करून, 'ओ'कडे झुकवून म्हणतात. तो हॉन्स चेक लोकांनी ऐकला, 'स'चा मऊ 'झ' केला, शेवटी पुरुषांच्या लाडक्या नावांना लावतात तो 'आ' लावला आणि होन्झा झाला.

म्हणजे बघा, यान आणि होन्झा यांच्यात समान असा एक 'न' काय तो उरला. त्यामुळे बाहेरच्या माणसाला हे एकच नाव आहे हे ओळखता येत नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही. मूळ हिब्रू नावात कृपेचा अर्थ ज्या तुकड्यात आहे, तो 'हान' होन्झाच्या वाट्याला आला, हेही मला दर वेळी सांगावंसं वाटतं. चेकमधलं हाना हे मुलीचं नाव याच धातूपासून आलेलं आहे, म्हणजे एखाद्या घरात होन्झा आणि हान्का (हानाचं लाडकं रूप) अशी भावंडं असतील तर ती नावानेही भावंडंच.

त्याच हान्सपासून चेकमध्ये हानुश असंही एक रूप निघालं. ते पुढे पूर्ण नाव म्हणून मान्य झालं. आजही दाखल्यावर हानुश असू शकतो. प्रागच्या जुन्या नगरभवनावर जे प्रसिद्ध खगोलीय घड्याळ आहे, ते हानुश नावाच्या कारागिराने केलं आणि दुसऱ्या कुणासाठी त्याने तसं करू नये म्हणून त्याचे डोळे काढले, अशी दंतकथा तिथे सगळ्यांना पाठ असते. खरं घड्याळ १४१० सालचं, कादानच्या मिकुलाशने घडवलेलं. दंतकथेने मात्र ते हान्सच्या एका चेक भावंडाला देऊन टाकलं.

होन्झाच्या नशिबी दाखला आला नाही. चर्चच्या जुन्या नोंदवह्या वाचायचं काम माझ्याकडे अधूनमधून येतं, बहुतेक वेळा अमेरिकेत गेलेल्या चेक कुटुंबांच्या वंशजांसाठी. त्यात एकच माणूस जन्माच्या नोंदीत लॅटिन योआनेस, लग्नाच्या नोंदीत जर्मन योहान, पुढच्या चेक कागदात यान, आणि घरच्या पत्रांत होन्झा असतो. सम्राट दुसऱ्या योसेफने १७८४ मध्ये या नोंदवह्यांना सरकारी दस्तऐवजाचा दर्जा दिला, तेव्हापासून त्या नेमाने भरल्या गेल्या. पण भाषा बदलत राहिली. वाचणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तो एका पणजोबांचे चार पणजोबा करतो.

आता आजीचं येनीच्कू. यानचं छोटं रूप येनीक आणि त्याहून छोटं, अगदी मांडीवरचं रूप येनीचेक. 'या'चा 'ये' कसा झाला, याला कारण आहे. जुन्या चेकमध्ये मृदू व्यंजनांच्या मध्ये सापडलेला 'आ' हळूहळू 'ए' झाला. यानमध्ये शेवटचा न कठीण, म्हणून तिथे 'आ' टिकला; येनीकमध्ये तो न पुढच्या 'ई'मुळे मृदू होतो, म्हणून तिथे 'ए'. बाराव्या-तेराव्या शतकांतला हा ध्वनिबदल आज आजीच्या हाकेत जसाच्या तसा ऐकू येतो. होन्झापासूनही अशीच उतरंड आहे: होन्झीक, होन्झीचेक. शिवाय येंदा असं एक रूप आहे, त्याला थोडा जुन्या पिढीचा वास आहे. आंतोनीनचा तोंदा होतो तसाच.

सांगायचा मुद्दा असा, की या रूपांचा अर्थ कोशात शोधू नये. कोण कुणाला ते म्हणतं यात तो असतो. आपल्याकडे गणेशचा गण्या आणि प्रकाशचा पक्या होतो, पण गण्या म्हणण्याचा हक्क दोस्ताचा. सासूबाई किंवा बँकेतली बाई तसं म्हणणार नाहीत. होन्झाचं तसं नाही, आणि मराठी माणूस नेमका इथे चुकतो. होन्झा हे रूप लाडाचं असलं तरी उथळ नाही. साहेब, सहकारी, सासरे, शेजारी असे सगळे म्हणू शकतात. परराष्ट्रमंत्री यान मसारिक यांना लोक जिव्हाळ्याने होन्झा मसारिक म्हणत. त्याच्या खालच्या पायऱ्या मात्र जपून. होन्झीक हे आई, बायको, फार तर मावशी म्हणेल. कार्यालयात एखाद्या प्रौढाला कुणी होन्झीक म्हटलं तर तो त्याला लहान लेखतो आहे असं वाटेल. येनीचेक आजीकडेच राहू द्या. एरवी ते रूप परीकथेत सापडतं: जंगलात वाट चुकून मसालेदार गोड केकच्या घराशी पोचणारी जी भावंडं जर्मनमध्ये हेन्सेल आणि ग्रेटेल आहेत, ती चेकमध्ये येनीचेक आणि मार्झेंका.

परीकथेचा विषय निघालाच आहे तर होन्झाची सगळ्यात मोठी ओळख तीच आहे. चेक लोककथांत 'ह्लोउपी होन्झा', म्हणजे बावळा होन्झा, नावाचा एक नायक आहे. गावात मातीची मोठी भट्टी असते, तिच्या उबेला तो दिवसभर लोळत पडतो. शेवटी आई वैतागते, बुख्ती भाजून फडक्यात बांधून देते आणि म्हणते, जा, जग बघ. बुख्ती म्हणजे भट्टीत भाजलेले गोड पाव, आत खसखस, आलुबुखाराचा आटवलेला गर किंवा तवारोह हे ताजं चीज. होन्झा निघतो, वाटेत भेटेल त्या म्हाताऱ्याला आपल्यातली बुख्ती देतो, त्या पुण्याईवर ड्रॅगन मारतो आणि राजकन्या व अर्धं राज्य घेऊन परत येतो. बावळा म्हणून सुरू झालेला हा मुलगा शेवटी राजवाड्यातल्या सगळ्यांपेक्षा शहाणा ठरतो. 'चेस्की होन्झा', चेक होन्झा, असा शब्दप्रयोगच रूढ आहे: साधा, आळशी वाटणारा, पण मनाने चांगला आणि वेळ आली की उठणारा आपला माणूस. चेक लोक त्यात स्वतःला बघतात आणि मला वाटतं बरोबरच बघतात. तेव्हा कुणी जावईबापूंना 'बुख्ती घेऊन निघालास का रे' असं विचारलं तर तो अपमान नाही. फक्त एक: यानेक हे दुसरं रूप एका वाक्प्रचारात अडकलं आहे, 'मी त्याने यानेक झालो' म्हणजे माझी मती गुंग झाली. नाव म्हणून ते चालतं, पण परक्याने मुद्दाम वापरू नये.

यान हे नाव तिथे एवढं का आहे, याला चर्चपेक्षा इतिहास अधिक कारणीभूत आहे. यान हुस हा धर्मसुधारक ६ जुलै १४१५ रोजी कॉन्स्टान्झला जिवंत जाळला गेला. तो दिवस आज चेक प्रजासत्ताकात सार्वजनिक सुटीचा आहे. त्याच्या अनुयायांचा सेनापती यान झिझ्का. शिक्षणतज्ज्ञ कोमेन्स्की, ज्यांना आपल्याकडे कोमेनियस म्हणून अध्यापक विद्यालयांत शिकवतात, तेही यान: यान आमोस. त्याच्या अगदी दुसऱ्या बाजूला कॅथलिकांचा यान नेपोमुत्स्की. वात्स्लाव चौथा या राजाच्या हुकमाने १३९३ मध्ये त्याला प्रागच्या दगडी पुलावरून व्ह्ल्तावा नदीत टाकलं. १७२९ मध्ये तो संत घोषित झाला आणि डोक्याभोवती पाच तारे असलेला त्याचा पुतळा त्या देशातल्या पुलापुलावर उभा राहिला. सुधारकांना हुस, कॅथलिकांना नेपोमुत्स्की. भांडण दोन्हीकडून कितीही तीव्र असलं तरी बारशाला नाव एकच. आणि १९६९ च्या जानेवारीत, सोव्हिएत फौजा देशात असताना, प्रागच्या चौकात स्वतःला पेटवून घेणारा विद्यार्थी यान पालाख. हे नाव उच्चारताना वयस्क चेक माणसाचा आवाज अजून बदलतो. तुमच्या जावयाच्या नावामागे हे सगळं आहे, आणि त्याला शाळेत ते शिकवलेलं आहे. कधी शांतपणे विचारून बघा, तो सांगेल.

'मग सरळ होन्झाच का नाही ठेवलं नाव?' असं कुणी तरी विचारतंच. ठेवता येत नाही. २००० सालच्या नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माच्या नोंदीत मोडतोड केलेली, लाडाची किंवा घरगुती रूपं लिहिता येत नाहीत. तिथल्या नोंदणी कार्यालयाला मात्रिका म्हणतात आणि या बाबतीत ते काटेकोर असतात. अर्थात लाडाचं कुठे संपतं आणि नाव कुठे सुरू होतं ही रेघ काळानुसार सरकते. लेन्का हे आज पूर्ण, दाखल्यावरचं नाव आहे. पूर्वी ते माग्दालेना आणि हेलेना यांचं लाडकं रूप होतं. ज्देनेक हा ज्देस्लावचा आणि रादेक हा रादोस्लाव, रादोमीर अशा नावांचा लाडका अवतार. दोघेही आता स्वतंत्र झाले. होन्झा मात्र शतकानुशतकं एवढा लोकप्रिय असूनही दाराबाहेरच राहिला. यान इतका भक्कम होता की होन्झाला जागा घ्यायची गरजच पडली नाही, असा माझा तर्क. तसंच स्लोवाक लोक यानला होन्झा म्हणत नाहीत, त्यांचा यानो किंवा यान्को. पोलिश लोकांचा याश. होन्झा ऐकलं की माणूस चेक.

मित्रांचं 'होन्झो' हे वेगळं रूप नव्हे, ते संबोधन आहे. चेकमध्ये हाक मारताना नावाचा शेवट बदलावाच लागतो: होन्झाचा होन्झो, यानचा याने, येनीचेकचा येनीच्कू. आपल्याला हे अवघड जायला नको. राम, पण हाक मारताना रामा. मुलगा, पण अरे मुला. संबोधन विभक्ती आपण शाळेत शिकलो, ते तिथे रोज वापरतात. इंग्रजी बोलणारे लोक हाकेतही 'होन्झा' म्हणतात आणि चेक कानाला ते खटकतं. तुम्ही पहिल्या भेटीत 'होन्झो' अशी हाक मारलीत तर त्या घरातले लोक नुसते खूश होतील. उच्चारातही मराठी माणूस वरचढ आहे. चेक 'ह' आपल्यासारखाच घोष आहे, आणि होन्झातला 'झ' झाडातला, झेंड्यातला नव्हे. जोर पहिल्या अक्षरावर. यानमधला 'आ' मात्र लांबवू नका. तो आखूड आहे.

तू आणि तुम्ही हा भेद चेकमध्येही आहे. जावयाला तुम्ही 'ती' (म्हणजे तू) म्हणालात तर ते ठीकच, पण त्याच्या आईवडिलांशी पहिल्यांदा 'वी', म्हणजे तुम्ही. वयाने मोठी व्यक्ती 'आता तू म्हणा' असं सुचवते, मग एकमेकांची पहिली नावं सांगून प्याला टेकवतात. त्या क्षणी व्याही कदाचित स्वतःचंही घरगुती नाव सांगतील: फ्रांतिशेक असतील तर फ्रांता, योसेफ असतील तर पेपा, यिर्झी असतील तर यिर्का. पुरुषांची नावं 'आ'ने संपतात म्हणून पश्चिमेकडचे लोक बिचकतात. दादा, अण्णा, नाना म्हणत मोठे झालेल्या आपल्याला त्यात काही नवल नाही. एक गंमत मात्र लक्षात ठेवा. चेकमध्ये मीरा हे मिरोस्लाव किंवा यारोमीर नावाच्या पुरुषाचं लाडकं नाव आहे. मीरा नावाची मराठी मुलगी तिथे गेली की समोरचे क्षणभर थबकतात, आणि थोड्याच दिवसांत तिची मिर्का होते.

एक तारीख वहीत लिहून ठेवा: २४ जून. चेक दिनदर्शिकेत रोज एक नाव छापलेलं असतं, आणि आपलं नाव ज्या दिवशी येतं त्या दिवशी 'स्वातेक' साजरा करतात. फुलं, चॉकलेट, वाइनची बाटली, असं साधंच, पण विसरलेलं आवडत नाही. यानचा दिवस हा, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा. याना या मुलीच्या नावाचा दिवस वेगळा, २४ मे. होन्झाला वेगळा दिवस नाही, तो यानचाच घेतो. आदल्या रात्री गावांत शेकोट्या पेटवायची, नेच्याला एका रात्रीपुरतं सोनेरी फूल येतं असं मानायची जुनी रीत आहे. काजव्यांना तिथे लोक सेंट यानच्या माश्या म्हणतात, कारण ते याच सुमाराला दिसतात. आपल्या सह्याद्रीतही काजव्यांचे दिवस हेच, मेअखेर ते जूनचा पाऊस. आणि गोव्यात याच २४ जूनला सांजांव असतो: डोक्यावर फुलापानांची कोपेल घालून पोरं विहिरीत उड्या मारतात, आणि लग्नानंतरच्या पहिल्या सांजांवला नव्या जावयाला सासरी बोलावून त्याचं कौतुक करतात. तुमच्या जावयाला जूनमध्ये बोलवायचं मनात असेल तर यापेक्षा चांगला मुहूर्त मला तरी सुचत नाही.

आता पत्रिका. 'चि. यान' असंच छापा आणि हवं तर कंसात होन्झा. नातेवाइकांना मांडवात कुणाला काय म्हणायचं ते कळेल आणि चेक पाहुण्यांनाही ते योग्य वाटेल. होन्झीक किंवा येनीचेक छापू नका. आणि छापण्याआधी त्याला स्वतःला विचारा. काही यानना होन्झा मुळीच आवडत नाही, ते आयुष्यभर यानच राहतात. तुमच्या बाबतीत मुलगीच होन्झा म्हणते म्हणजे अडचण नसावी.

मधे वडिलांचं नाव घालायची आपली सवय इथे आवरा. चेक नावात वडिलांचं नाव येत नाही. पत्रिकेत घातलंत तर फार तर हसतील, पण विवाहनोंदणीच्या अर्जात ते गेलं तर पासपोर्टशी जुळणार नाही आणि दाखला दुरुस्त करत बसावं लागेल. अर्जात पासपोर्टवर आहे तेवढंच, त्याच क्रमाने. विहीणबाईंचं आडनाव त्यांच्या यजमानांपेक्षा वेगळं दिसेल, नोव्हाक यांच्या पत्नी नोव्हाकोव्हा, तशी ती छपाईची चूक समजून दुरुस्त करू नका. 'श्री. व सौ. नोव्हाक' ऐवजी दोघांची पूर्ण नावं शेजारी शेजारी छापलेली बरी. मुलीच्या आडनावाचंही आताच ठरवून ठेवा: ती स्वतःचं ठेवू शकते, किंवा नवऱ्याचं घेऊ शकते, आणि घेतलं तर शेवटी 'ओव्हा' लावायचं की नाही हा तिचा प्रश्न आहे. १ जानेवारी २०२२ पासून तिथे कुठल्याही स्त्रीला कारण न देता 'ओव्हा'शिवायचं आडनाव घेता येतं. ते लग्नाच्या वेळी कागदावर जसं नोंदवलं जाईल, तसंच पुढे व्हिसा, बँक आणि बाळाच्या दाखल्यावर चालेल.